दादासाहेब फाळके आणि डोळ्यांना दिसणारे खरे

१९११ च्या सुमाराची गोष्ट. मुंबईत राहणाऱ्या, चाळिशीला आलेल्या एका गृहस्थांची दृष्टी अधू होत होत जवळजवळ गेली. घरात पत्नी आणि लहान मुले. छापखान्याची भागीदारी मोडलेली, हाताला नवे काम नाही. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रतज्ज्ञांनी उपचार केले, वेगवेगळ्या नंबरचे तीन-चार चष्मे दिले, आणि हळूहळू पुन्हा दिसू लागले.

आजारपणाआधी हे गृहस्थ काय करत होते? रोज चार-पाच तास तंबूत किंवा थिएटरात बसून सिनेमा पाहत होते. घरी आल्यावर फिल्मचे तुकडे उजेडात धरून निरखत होते. मेणबत्तीचा प्रकाश भिंगातून सोडून भिंतीवर चित्रे पाडत होते. उरलेल्या वेळात याच विषयाची पुस्तके वाचत होते आणि जेमतेम तीन तास झोपत होते. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखू लागला.

पडद्याकडे पाहिल्याने डोळा आंधळा होत नाही, हे वैद्यकशास्त्र आज स्पष्ट सांगते. पण टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. जवळचे पाहण्यासाठी भिंगाचा आकार बदलणारा स्नायू तासन्‌तास आखडून राहतो आणि मग दूरचे अंधुक दिसते. त्यात झोप नाही, जेवणाची वेळ नाही, मनावर संसाराचा ताण. चष्म्याने दिसू लागते, तेव्हा डोळ्यामागचा पडदा बहुधा शाबूत असतो. फाळक्यांचे दैव असे की ते वेळेत डॉक्टरकडे गेले. नाहीतर भारतीय सिनेमाचा इतिहास दुसऱ्या कुणाच्या नावाने सुरू झाला असता.

पण हा माणूस एवढे काय शोधत होता? करमणुकीसाठी कुणी डोळे पणाला लावत नाही.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे जाणकार. ते मुंबईला शिकवायला आले आणि कुटुंबही आले. धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. नंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. तिथले प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला छायाचित्रणाची प्रयोगशाळा आणि पुस्तके मोकळी करून दिली. चित्र काढणारा हात आणि रसायने ओळखणारी नजर असे दुहेरी शिक्षण फाळक्यांना तिथे मिळाले.

गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा मांडला आणि तिथेच घाव बसला. १९०० च्या सुमारास प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघेही गेले. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, हाफकिन यांनी मुंबईत १८९७ मध्ये लस तयार केली होती. तरी गावोगाव माणसे मरत होती, कारण औषध नव्हते आणि उंदीर-पिसूचे नाते अजून सर्वमान्य झाले नव्हते. संसार उद्ध्वस्त झाल्यावर फाळके बडोद्याला परतले. तिथे फोटोचा धंदा चालेना. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, असा समज लोकांत पसरलेला होता. ज्या माणसाचे घर खऱ्याखुऱ्या मरणाने रिकामे केले होते, त्याचे पोट आता खोट्या मरणाच्या भीतीने मारले जात होते.

याच काळात कार्ल हर्ट्झ या परदेशी जादूगाराशी त्यांची ओळख झाली आणि ते जादूचे प्रयोग शिकले. स्वतःचे आडनाव उलटे वाचून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले. जादूगाराचे शास्त्र वेगळे असते. समोरच्याला चमत्कार दिसतो, जादूगाराला मात्र त्याच क्षणी चमत्कार आणि त्यामागची युक्ती दोन्ही दिसत असतात. ही दुहेरी नजर फाळक्यांना आयुष्यभर पुरली.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुढे पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी, मग लोणावळ्याला छापखाना, राजा रविवर्मांच्या छापखान्यासाठी काम, १९०९ मध्ये यंत्रे आणि रंगीत छपाई शिकण्यासाठी जर्मनीची वारी. लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स नावारूपाला आला, पण भागीदारांशी पटले नाही आणि ते बाहेर पडले.

अशा रिकाम्या दिवसांत ते मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावच्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. तिथे येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण चालू लागले. त्यानंतर त्यांनी तोच चित्रपट पुन्हा पाहिला, दुसरे पाहिले, रोज पाहिले. पहिल्यांदा त्यांनी गोष्ट पाहिली असेल. नंतर मात्र ते यंत्र पाहत होते. गोष्टीत बुडालेल्या शेकडो लोकांत बसून, न बुडता, ही गोष्ट आपल्याला खरी का वाटते याचा शोध ते घेत होते.

याच प्रश्नावर जगात इतरत्रही काम चालू होते. १९१२ मध्ये जर्मनीतील माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. अंधारात एक रेघ क्षणभर दाखवली आणि ती विझल्यावर सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या भागात थोड्या अंतरावर दुसरी रेघ दाखवली, तर माणसाला दोन रेघा दिसत नाहीत. एकच रेघ सरकताना दिसते. प्रत्यक्षात काहीही सरकलेले नसते. सिनेमाची फीत म्हणजे स्थिर छायाचित्रांची माळ. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रे दाखवत आणि दोन चित्रांच्या मधे पडद्यावर अंधार असे. तो अंधार आपल्याला जाणवत नाही, मेंदू तो गाळून टाकतो आणि हालचाल स्वतः तयार करतो. मेंदूच्या मागच्या बाजूला हालचाल ओळखणारा एक खास भाग असतो. तो निकामी झालेल्या एका रुग्ण महिलेची नोंद १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला कपात ओतला जाणारा चहा गोठल्यासारखा दिसे, आणि रस्ता ओलांडताना दूरची मोटार अचानक अंगाशी आलेली दिसे. म्हणजे पडद्यावरची खोटी हालचाल आणि रस्त्यावरची खरी हालचाल मेंदू एकाच यंत्रणेने ओळखतो. सिनेमा खरा वाटतो तो आपण भोळे असतो म्हणून नव्हे, तर आपला मेंदू तसाच घडलेला आहे म्हणून.

दुसरी गोष्ट १९१३ ची. फ्रेडरिक व्हान एडन या डच डॉक्टर-लेखकाने आपल्या शेकडो स्वप्नांची टिपणे ठेवली होती. काही स्वप्नांत त्याला स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे याचे भान असे. त्या वर्षी लिहिलेल्या निबंधात त्याने अशा स्वप्नांना नाव दिले. मराठीत त्यांना सजग स्वप्ने म्हणता येईल. पुढे १९५३ मध्ये शिकागोत, झोपेत डोळे भराभर हलतात ती अवस्था सापडली. सगळी ठसठशीत स्वप्ने बहुतेक त्याच अवस्थेत पडतात. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये एका झोपलेल्या माणसाने आधी ठरवल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे हलवून स्वप्नातून खूण केली आणि सजग स्वप्न ही थाप नाही हे सिद्ध झाले. स्वप्न पडताना शरीर लुळे असते आणि मेंदूचा तर्क तपासणारा पुढचा भाग मंदावलेला असतो, म्हणून कितीही अतर्क्य गोष्ट त्या वेळी खरी वाटते. सजग स्वप्नात हा तपासनीस थोडा जागा होतो. खेळ चालूच राहतो, फक्त तो खेळ आहे हे कळलेले असते. थिएटरच्या अंधारात बसलेल्या फाळक्यांची अवस्था याहून फार वेगळी नव्हती.

आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून फाळके १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ या चित्रपटकाराकडे नेले आणि त्याच्या स्टुडिओत त्यांनी सगळी प्रक्रिया पाहिली. विल्यमसन कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र विकत घेऊन दोन महिन्यांत ते परत आले.

आता पैसे लावणारा हवा होता. त्याला पटवण्यासाठी फाळक्यांनी देव दाखवला नाही, राजा दाखवला नाही. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण केले. माती फुटली, कोंब आला, पाने उलगडली, वेल चढू लागला. महिन्याची वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली. त्याचे नाव ‘अंकुराची वाढ’. या छोट्या पटात खोटे काहीच नव्हते. वाटाणा खरोखर उगवला होता. पण आपल्या डोळ्यांना इतकी सावकाश हालचाल कळत नाही. डोळ्यांना न दिसणारे खरे त्यांनी डोळ्यांच्या वेगात आणून ठेवले. आज पेशींचे विभाजन किंवा जखम भरून येणे अभ्यासताना शास्त्रज्ञ हीच पद्धत वापरतात. फाळक्यांनी कॅमेऱ्याचा पहिला उपयोग भुलवण्यासाठी केला नाही, दाखवण्यासाठी केला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग आला ‘राजा हरिश्चंद्र’. दादरच्या बंगल्यात काम सुरू झाले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांनी केला, रात्री अंधारात फिल्मला भोके पाडली, रसायने कालवली, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या. स्त्रीभूमिकेला बाई मिळेना, तेव्हा खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. बाहेरच्या चित्रीकरणासाठी मंडळी एका खेड्यात गेली, तेव्हा ढाली-तलवारी पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले आणि सगळे अडकले. फाळके मागून पोचले. फिल्म न घालताच कॅमेरा फिरवून त्यांनी अंमलदारांना एक प्रसंग करून दाखवला, तेव्हा सुटका झाली.

रोहिदासाच्या भूमिकेत मुलगा भालचंद्र होता. चित्रीकरणाच्या गावी खेळताना तो पडला, डोक्याला मार लागला आणि बेशुद्ध झाला. फाळक्यांनी प्रथमोपचार केले. मुलाला मुंबईला न्यावे असे बरोबरच्यांचे मत पडले. पण रोहिदासाचे प्रेत चितेवर ठेवण्याचा प्रसंग बाकी होता आणि मुंबईला जाऊन परत येण्याइतका पैसा आणि वेळ नव्हता. बेशुद्ध मुलावरच तो प्रसंग चित्रित झाला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. भालचंद्र बरा झाला.

डॉक्टरच्या नजरेने ही गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, तर आत रक्तस्राव असू शकतो. अशा मुलाला एक मिनिटही न दवडता रुग्णालयात न्यायचे, हाच नियम. ज्या बापाने प्लेगमध्ये एक मूल गमावले होते, तो मरणाचा देखावा खऱ्या बेशुद्धीवर उभा करत होता. प्रेक्षकांना काय खरे वाटेल हे ज्याला इतके नेमके कळत होते, त्याला त्या दिवशी समोरचे खरे दिसले नाही, किंवा दिसूनही त्याने डोळा चुकवला. खेळ जाणणारा माणूसही खेळात हरवू शकतो. थोर माणसाच्या चरित्रातला हा भाग वगळू नये तो यासाठी.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला आणि चालला. त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ आणि १९१७ मध्ये ‘लंका दहन’ असे चित्रपट तिथे झाले. नाशिकहून मुंबईला येणारा लोहमार्ग कसारा घाट उतरून शहापूर तालुक्यातून जातो. कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव ही आजच्या चाकरमान्यांची स्टेशने त्याच मार्गावर आहेत. ‘लंका दहन’ला इतकी गर्दी झाली की गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडत, काही जण लोटांगण घालत. त्या चित्रपटात राम आणि सीता दोघांचीही भूमिका अण्णा साळुंकेंनी केली होती.

इथे फाळक्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक लघुपट त्यांनी काढला. त्यात ते स्वतः कलाकारांना सूचना देताना, फिल्म तपासताना दिसतात. काड्यापेटीच्या काड्या नाचवणारा पट, तळेगावच्या काच कारखान्यावरचा पट, सिंहस्थ पर्वणीची दृश्ये, असे वास्तवाचे आणि युक्तीचे पटही त्यांनी केले. ज्या जादूवर पोट चालत होते, तिचा पडदा त्यांनी स्वतःच बाजूला केला. म्हणून काही लोकांची जादूवरची ओढ कमी झाली नाही. युक्ती कळल्यावरही आनंद टिकतो आणि माणूस भानावरही राहतो, हे त्यांना ठाऊक होते.

पुढची वर्षे उताराची. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी बालकृष्ण झाली. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके सारे सोडून काशीला गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ नाटक लिहिले, नंतर परत येऊन कंपनीत काम केले. १९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटाचे जग संपले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना बरीचशी विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला.

या चरित्रात आजच्या माणसासाठी काय आहे? फाळक्यांना पडदा पाहायला गिरगावात जावे लागे. आज शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरही तो उशाशी असतो. मालिका, चित्रफिती, खेळ संपत नाहीत. आता सजग स्वप्ने पाडून घेण्याच्या युक्त्याही तरुण पोरे फोनवर शोधतात. त्यासाठी गजर लावून मध्यरात्री उठतात आणि झोपेचे खोबरे करतात. रात्रभर जागल्यावर काहींना सकाळी जग फिके वाटते, काचेपलीकडचे वाटते, स्वतःचाच हात परका वाटतो. थकवा, अपुरी झोप, चिंता यांमुळे असे क्षणभर कुणालाही होऊ शकते आणि झोप झाल्यावर ते जाते. पण ही भावना वारंवार येत असेल, दिवसेंदिवस टिकत असेल, तर तो नखरा नाही आणि बाहेरची बाधाही नाही. ते चिंता, नैराश्य, नशा किंवा फिट्सच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. सरकारी रुग्णालयात दाखवावे. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

डोळ्यांसाठी नियम साधा आहे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, पापण्या मुद्दाम लववाव्यात. झोपण्याआधी तासभर फोन दूर ठेवावा. मोठ्या माणसाने सात तास तरी झोपावे. अंधुक दिसू लागले तर दुकानातला तयार चष्मा न घेता डोळे तपासून घ्यावेत. फाळक्यांनी तपासून घेतले, म्हणूनच त्यांना पुढचे सगळे दिसले.

आणि गोष्टी पाहणे सोडण्याचीही गरज नाही. खरे शोधायचे तर घरात एखाद्या कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून महिनाभर रोज एकदा त्याच्याकडे पाहावे. फाळक्यांनी सुरुवात तिथूनच केली होती.